गड्ड्यानंतरची सर्दी आणि सासूबाईंचा काढा: 'मूठभर' म्हणजे नक्की किती?

मालदांडी (१८ जानेवारी, रात्री ९:४०)

आमच्या घरात सर्दीला तारीख ठरलेली आहे. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघायची, अक्षता टाकायच्या, मग पोरांच्या हट्टापायी दोन संध्याकाळी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, धूळ खायची. तिसऱ्या दिवशी धाकटा शिंकला की समजायचं, आता ओळीने सगळे. दुपारी पंखा आणि पहाटे दोन चादरी, अशी आपली सोलापुरी थंडी. ती ना धड थंडी, ना धड उकाडा.

आजवर हे सगळं सासूबाईंच्या काढ्यावर निभावलं. यंदा त्यांचे हात थरथरतात म्हणून गॅसजवळ मी उभी आणि त्या देवघरासमोरच्या खुर्चीवरून सांगणार: "मूठभर तुळस, बोटाएवढं आलं, मिरे चार-दोन, ज्येष्ठमध जीव बघून." जीव कुणाचा बघायचा, ते विचारायचं राहिलं. पहिल्या दिवशी काढा असा जहाल झाला की मोठीने तो गुपचूप बेसिनमध्ये ओतला. ह्यांनी मुकाट्याने प्यायला, पण रात्रभर छातीत जळजळ. दुसऱ्या दिवशी घाबरून हात आखडता घेतला, तर नुसतं पिवळं पाणी.

कुणी माप लिहून काढा करतं का? ग्रॅम, कप, मिनिटं, असं काहीतरी. आणि लहान मुलांसाठी काय बदलता? धाकटा ५ वर्षांचा आहे, मोठी १२ ची.

गड्ड्याचा_पाळणा (१८ जानेवारी, रात्री १०:०२)

इथं पण तेच की. परवापास्नं नाक गळूलालंय. आमच्या आईचा काढा समोर आला की सर्दी पळती का मी पळतो, अजून कळलं न्हाई. वाचूलालो, लिहा सगळ्यांनी.

खलबत्ता (१८ जानेवारी, रात्री ११:१५)

वीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरच्या आत उभी आहे. डी. फार्म. आहे, वैद्य नव्हे, तेव्हा त्या बेताने वाचा.

आधी कडू बोलून घेते. साधी सर्दी विषाणूंची. ती काढ्याने मरत नाही आणि अँटिबायोटिकनेही मरत नाही. आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण जाते. काढ्याने घसा शेकतो, नाक थोडा वेळ मोकळं होतं आणि एरवी पाणी न पिणाऱ्या माणसाच्या पोटात दोन कप पाणी जातं. एवढं काम पुष्कळ आहे. त्याहून जास्त कुणी सांगितलं तर तो काहीतरी विकतोय.

माप हवंय ना? २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला होता त्याचं प्रमाण सोपं आहे: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. सगळं वाळलेलं आणि भरड कुटलेलं. म्हणजे ९० ग्रॅम करायचं तर तुळस ४०, दालचिनी २०, सुंठ २०, मिरे १०. एका वेळेला ३ ग्रॅम, दीडशे मिली पाण्यात. तीन ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, पण भरड किती जाड आहे त्यावर ते बदलतं, म्हणून पहिल्यांदा तोलून बघा.

ओली तुळस आणि ओलं आलं वापरणार असाल तर हा हिशेब तसाच लावू नका. आल्यातला बराच भाग पाण्याचा असतो. शिवाय आलं वाळलं की त्याचा तिखटपणा बदलतो, सुंठ आल्यापेक्षा जास्त झोंबते. मी घरी चार कपांसाठी असं करते: पाच कप पाणी, अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून, मिरे ४, लवंगा २, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मंद आचेवर दहा मिनिटं, पाणी चार कपांवर येईस्तोवर. मग गॅस बंद करून तुळशीची १५-२० पानं आणि गवती चहाची दोन पाती टाकायची आणि झाकण ठेवायचं. या दोघांचा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. पानं पंधरा मिनिटं खळाखळा उकळलीत तर घरभर वास सुटतो, म्हणजे जे कपात यायला हवं होतं ते छताला लागलं.

मध कोमट झाल्यावर. गूळ चालतो.

पाच वर्षांच्या मुलाला यातला पाव कप, तितकंच पाणी घालून, मिरे न घालता. नाही आवडला तर सोडून द्या, जबरदस्ती नको. झोपताना नुसता एक चमचा मध चाटवला तरी रात्रीचा खोकला जरा बसतो. मुलांच्या खोकल्यावर मधाचे अभ्यास झालेत, आणि या सगळ्या पदार्थांत त्याच्याच बाजूने जरा बरा पुरावा आहे.

मालदांडी (१९ जानेवारी, सकाळी ६:५०)

खलबत्ता, झाकणाचं ऐकून कपाळाला हात लावला. मी तुळस अगदी पहिल्यांदा घालत होते, चहाच्या पावडरीसारखी. आणि छातीतली जळजळ?

खलबत्ता (१९ जानेवारी, सकाळी ७:३०)

मिरी, आलं आणि रिकामं पोट. यजमानांना आधीपासून पित्त असेल तर जेवणानंतर द्या आणि मिरे वगळा. २०२०-२१ मध्ये काढ्याचे तांबे रिकामे करून लोक आमच्याकडे पित्ताच्या गोळ्या न्यायला येत होते, विसरलात का?

जुनीमिल (१९ जानेवारी, सकाळी ९:१०)

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. वडील जुन्या मिलमध्ये कामाला. सुट्टीचा दिवस घरी बरा जायचा आणि दुसऱ्या दिवशी खात्यात पाय टाकला की छाती आवळल्यासारखी. आई रोज डब्यात गुळाचा खडा द्यायची, "गुळाने कापूस निघून जातो" म्हणून. कुणाला सर्दी झाली की त्याच गुळात सुंठ आणि तूप घालून गोळ्या वळायची. सुंठीच्या त्या गोळ्या मी अजून करतो. गूळ आणि सुंठ चार आणि एक, चमचाभर तूप, बोराएवढी गोळी. प्रवासात खिशात टाकायला उत्तम.

गुळाने धूळ निघते हे मात्र आता मला पटत नाही. गूळ घशातून पोटात जातो आणि धूळ गेलेली असते फुप्फुसात. दोघांची गाठ कुठे पडणार? कापसाच्या तंतूंनी होणाऱ्या त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती भरणं हीच त्याची खूण, हे फार नंतर वाचलं. तेव्हा आम्ही त्याला सर्दीच म्हणत होतो. यंत्रमागावरच्या, विड्या वळणाऱ्या कुणाला बारा महिने 'सर्दी' असेल तर त्यांनी काढा बाजूला ठेवून छाती तपासून घ्यावी.

मालदांडी (१९ जानेवारी, सकाळी ९:२५)

काका, आमचे सासरेपण मिलमध्ये होते. गुळाचा खडा सेम टू सेम.

निशिगंध (१९ जानेवारी, दुपारी २:०५)

धाग्यात शिरतेय, माफ करा. माझं बाळ ७ महिन्यांचं. दोन दिवस नाक चोंदलंय, दूध पिताना दमतं. घरात सल्ल्यांचा पाऊस. ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायची, नाकात तेलाचे थेंब, संध्याकाळी शेपा-ओवा-लसणाच्या सालींची धुरी, आणि सुंठ मधात चाटवायची. यातलं काय करू? सगळं केलं नाही तर आई रागावते आणि केलं तर मला भीती वाटते.

खलबत्ता (१९ जानेवारी, दुपारी २:२०)

निशिगंध, काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे तरी लिहितेय.

१. मध: वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटणभरसुद्धा नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट ते निभावून नेतं, तान्ह्याचं नाही.
२. कापूर: पुरचुंडीतून काढा. तो विषारी आहे. बाळाने तोंडात घातला तर झटके येऊ शकतात, आणि सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडातच घालतं. नुसत्या ओव्याची पुरचुंडी उशाशी नव्हे, लांब खुंटीला लटकवा. आईचंही मन राहील. गळ्यात दोरा मात्र नको.
३. नाकात तेल: नको. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, सलाईन ड्रॉप म्हणून मिळतात. दूध पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब.
४. धुरी: धूर तो धूरच, ओव्याचा असो की कचऱ्याचा. दारं लावून कोळशावर तर मुळीच नाही.

आता महत्त्वाचं. बाळ शांत झोपलं असताना एक पूर्ण मिनिट छातीची हालचाल मोजा. २ ते ११ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध सोडलं असेल, तर वाट बघू नका, लगेच डॉक्टर. आणि दूध पिताना दमतंय म्हणालात ना? मग मोजून कितीही आलं तरी आज संध्याकाळी दाखवाच.

दुकानातून सर्दीचं सिरप स्वतःच्या मनाने आणू नका. त्यातल्या एका नेहमीच्या मिश्रणावर ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायला सरकारने २०२३ मध्येच सांगितलंय.

तुळशीकट्टा (१९ जानेवारी, दुपारी ४:४५)

एवढं घाबरवायची गरज नाही. आम्ही सगळे धुरी, कापूर, वेखंड, मध यावरच वाढलो. आम्हाला काही झालं नाही. आजकाल सगळंच विष ठरवून टाकलंय. डॉक्टरांची फी मात्र अमृत.

जुनीमिल (१९ जानेवारी, संध्याकाळी ५:३०)

तुळशीकट्टा, आम्ही सात भावंडं. मोठे झालो पाच. ती दोघं कशाने गेली हे आईला कुणी नीट सांगितलंच नाही, "थंडी बाधली" एवढंच. वाढलेले इथे लिहायला येतात, बाकीचे येत नाहीत.

तुळशीकट्टा (१९ जानेवारी, संध्याकाळी ५:५२)

हे लक्षात नव्हतं आलं काका. कापराबद्दल मागे घेतो. फीबद्दल नाही.

अशोकचौक (१९ जानेवारी, रात्री ८:३०)

आमच्याकडे काढा नसतोच फारसा. अम्मम्मा, म्हणजे माझी तेलुगू आजी, मिरियाला चारु करते. चिंचेचं पातळ पाणी, त्यात मिरे, जिरं आणि लसूण ठेचून, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. भातावर घ्या नाहीतर पेल्यातून प्या. नाकातून धबधबा. माझ्या मराठी मित्रांना सर्दी झाली की ते आमच्या घरी 'सहज' येतात.

एक गंमत. पानओव्याचं झाड आमच्या गॅलरीत आहे. जाड, लवदार पान, चुरडलं की ओव्याचा वास. अम्मम्मा त्याला वामु आकु म्हणते, शेजारच्या कन्नड काकू दोड्डपत्रे, आणि खालच्या मराठी वहिनी पानओवा. तिघी भांडत होत्या की आपलं झाड वेगळं आहे. एकच.

अक्कलकोटरोड (१९ जानेवारी, रात्री ९:१५)

अशोकचौक, खरंय. आमच्याकडे दोड्डपत्रेची तंबुळी होते. पानं तुपात परतून, जिरं-मिरं-खोबऱ्याबरोबर वाटून ताकात. पण सर्दीत ताक नको म्हणून आई नुसती पानं वाफवून रस काढायची.

नावांवरून आठवलं, अडुळशाला आम्ही आडुसोगे म्हणतो. कुंपणाला लावलेला असतो. पांढरी फुलं, शेळीपण तोंड लावत नाही. ह्याचा काढा ओल्या खोकल्याला करतात. करू का?

खलबत्ता (१९ जानेवारी, रात्री १०:४०)

अडुळशाची गोष्ट छान आहे. त्याच्या पानातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं गेलं आणि त्याच घराण्यातलं पुढचं अँब्रोक्सॉल. आज निम्म्या कफ सिरपांच्या बाटलीवर यातलं एखादं नाव असतं. म्हणजे काउंटरच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, मूळ तेच कुंपण.

दोन-तीन पानं कपभर पाण्यात उकळून, गूळ घालून, मोठ्या माणसाने दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. गरोदर बाईने मात्र अजिबात नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं.

आणि वेलीबिलींच्या बाबतीत झाड नक्की ओळखता येत असेल तरच. कोविडनंतर लोक गुळवेल म्हणून दिसेल ती वेल तोडत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तशीच दिसणारी दुसरी जात असावी. वाद काही असो, मी तेव्हापासून रस्त्याकडेची वेल घरात आणत नाही.

पुण्यात_सोलापूरकर (२० जानेवारी, सकाळी ११:०५)

सितोपलादी चूर्ण घरी केलंय का कुणी? माझी आजी खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १ असं निम्म्या-निम्म्याने म्हणायची. पाढ्यासारखं पाठ आहे, करून कधी पाहिलं नाही.

खलबत्ता (२० जानेवारी, दुपारी १:१०)

आजींचा पाढा बरोबर आहे. आता बेरीज करा: ३१ भागांत १६ साखर. मधुमेह असेल तर चमचे मोजून. अस्सल वंशलोचन बांबूच्या पेरातून निघतं, महाग असतं, आणि त्याच्या नावावर बऱ्याचदा तवकीर मिळते. दालचिनी घेताना पातळ, कागदाच्या सुरळीसारखी अनेक पदरांची बघा. जाड, एकाच पदराची कडक साल असते तिच्यात कुमारिन जास्त असतं, रोज महिनोन्‌महिने खाल्ली तर यकृताला बरं नाही. चार दिवसांच्या सर्दीला काही होत नाही.

गड्ड्याचा_पाळणा (२० जानेवारी, संध्याकाळी ६:२०)

माझं नाक गळूलालतं ते थांबलं पण आता १०२ ताप आहे, अंग असं दुखूलालंय की कुणीतरी गड्ड्यातल्या पाळण्यावरून खाली टाकलंय. सकाळपर्यंत ठीक होतो. आईने काढ्याचा तांब्या उशाशी आणून ठेवलाय.

खलबत्ता (२० जानेवारी, संध्याकाळी ६:३५)

पाळणा, थट्टा राहू द्या. सर्दी हळूहळू चढते. असा अचानक ताप आणि अंगदुखी आली तर फ्लू असू शकतो. त्यावर ओसेल्टामिविर हे औषध आहे, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग. ते कुणाला द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. आजच जा. ॲस्पिरिन घेऊ नका, तापाला पॅरासिटामॉल. आणि आईला तुमच्या तोंडासमोर बसवू नका. घरात कुणी पासष्टीच्या वर, दम्याचं, मधुमेहाचं किंवा गरोदर आहे का?

गड्ड्याचा_पाळणा (२० जानेवारी, संध्याकाळी ६:४१)

आईला शुगर आहे. निघालो.

अक्कलकोटरोड (२१ जानेवारी, सकाळी ८:००)

ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते तेव्हासाठी हुलग्याचं माडगं लिहून ठेवते. काढ्यापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे, कारण यात निदान जेवण तरी आहे.

हुलगे खमंग भाजून दळून आणायचे (गिरणीवाल्याला आधी सांगा, तो आपल्या पिठाआधी कुणाची मिरची दळत असतो). दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. दुसरीकडे दोन कप पाण्यात लिंबाएवढा गूळ, चिमूटभर सुंठ, चवीला मीठ. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत दाटसर होतं. वर तुपाचा थेंब. गोड नको असेल तर गूळ वगळून लसूण-जिऱ्याची फोडणी. पेल्यातून फुंकत प्यायचं, चमचा लागत नाही.

निशिगंध (२१ जानेवारी, सकाळी १०:३०)

काल डॉक्टरांना दाखवलं. श्वास ४२ होता, छाती साफ आहे म्हणाले. सलाईनचे थेंब आणि थोडंथोडं पण वारंवार पाजायला सांगितलं. रात्री झोपलं बाळ. पुरचुंडी खुंटीला आहे, कापूर देवघरात परत गेला. आई म्हणते पुरचुंडीनेच उतार पडला. म्हणू दे.

मालदांडी (२१ जानेवारी, दुपारी ३:१५)

आज सासूबाईंना स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवलं आणि केक करायचा वजनकाटा समोर ठेवला. "तुमच्या हाताने घ्या, मी फक्त लिहिते." आधी हसल्या. मग घेतलं.

त्यांची मूठभर तुळस ५ ग्रॅम. माझी मूठ तोलली, तर ११. त्या चार फूट दहा इंच आहेत हो! इतकी वर्षं बघतेय आणि हे सुचलं नाही. त्यांचं 'बोटाएवढं आलं' म्हणजे करंगळी, मी मधलं बोट धरून चालले होते. आणि तुळस त्या कायम गॅस बंद करूनच घालतात. मी म्हटलं, हे कधी सांगितलं नाहीत? म्हणाल्या, "तू तरी कुठं विचारलीस."

'जीव बघून' ज्येष्ठमध म्हणजे पोरांना नखभर आणि मोठ्यांना बोटभर काडी. स्वतःला मात्र त्या दोन काड्या घेतात, हिवाळाभर, रोज सकाळी.

खलबत्ता (२१ जानेवारी, दुपारी ३:४०)

थांबा. सासूबाईंना बीपी आहे का?

मालदांडी (२१ जानेवारी, दुपारी ३:४८)

आहे. गोळी चालू आहे. गेल्या डिसेंबरात डॉक्टरांनी वाढवली होती.

खलबत्ता (२१ जानेवारी, दुपारी ४:०५)

ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. चार दिवस चघळली तर फारसं नाही, हिवाळाभर रोज दोन काड्या म्हणजे औषधाच्या उलट दिशेने ओढणं. गोळी त्यामुळेच वाढली असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण काडी बंद करा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. गोळी स्वतःहून कमी मात्र करायची नाही.

डॉक्टर "दुसरं काही घेता का" विचारतात तेव्हा कुणी काढा सांगत नाही. तो औषधात धरतच नाही आपण.

मालदांडी (२१ जानेवारी, रात्री ९:३०)

सांगितलं. रुसल्या. घशाला बरं वाटतं म्हणून घेत होत्या. मग मिठाच्या गुळण्यांवर तडजोड झाली, पेलाभर कोमट पाण्याला अर्धा चमचा मीठ, आणि दुपारी अक्कलकोटरोड यांचं माडगं, त्यात मीठ न घालता. माडगं बघून म्हणाल्या, "हे माझ्या आईचं आहे, तुला कुणी दिलं?"

आजच्या काढ्याचं माप वहीत उतरवलंय: पाणी पाच कप, आलं ८ ग्रॅम, मिरे ४, लवंगा २, दालचिनी १ ग्रॅम, तुळस ५ ग्रॅम शेवटी. मोठीने पूर्ण कप प्यायला. धाकट्याने मध चाटून कप परत दिला.

अशोकचौक, पानओव्याची एखादी फांदी मिळेल का? सासूबाईंना कुंडीत लावायचीय.

गड्ड्याचा_पाळणा (२२ जानेवारी, सकाळी ९:५०)

ताप उतरला. डॉक्टरने गोळ्या दिल्या, आई दुसऱ्या खोलीत झोपती, ठीक हाय. माडगं पिलो, लई भारी. काढ्याचा तांब्या अजून भरलेलाच हाय, कुणाला पाहिजे का बे?

अशोकचौक (२२ जानेवारी, सकाळी १०:१५)

मालदांडी ताई, फांदी कधीही न्या, पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात. फक्त उद्या नको, उद्या आमच्याकडे पाणी यायचा दिवस. परवा या.